माणगाव खोऱ्यातलं साडेतीन एकर रान: वीजजोडणी न घेता, जमेल तितकं आपलं आपण पिकवून राहायचंय

रानवाट

मंडळी, इथे वाचतो बरीच वर्षं, लिहितोय पहिल्यांदा.

कुडाळ तालुक्यात, माणगाव खोऱ्यात डोंगराच्या पायथ्याला आमची वडिलोपार्जित साडेतीन एकर जमीन आहे. वरच्या अंगाला ऐन, किंजळ, जांभूळ, बेहडा असं जुनं रान. मधे काजू, पाच-सहा फणस, रातांबे. खाली व्हाळाला (ओढ्याला) लागून वीसेक गुंठ्यांत पूर्वी भात व्हायचं, आता तिथे रान माजलंय. चिऱ्याचा एक मांगर (शेतावरचं छोटं घर) आहे. भिंती शाबूत, छप्पर कधीच गेलं.

मी, बायको आणि आई (वय ७१) तिघं राहायला जाणार. मुलगा पुण्यात शिकतो, तो सुट्टीपुरता. आमचं दोघांचं काम लॅपटॉपवरचं, दिवसाला चार तास. विजेचा खांब वाडीपर्यंत आलाय. तिथून पुढे तार ओढायची तर वरच्या रानातून पट्टा मोकळा करावा लागेल, आणि ते मला करायचं नाही. तशीही पावसात फांदी पडली की तार तुटणार. म्हणून वीज, पाणी, स्वयंपाकाचं इंधन आणि जमेल तितकं अन्न जागेवरच व्हावं असा विचार आहे.

फार्महाऊस, होमस्टे असलं काही नाही. कुठून सुरुवात करावी?

सातबारा_वाचक

सुरुवात तलाठ्याकडून. सातबाऱ्याच्या इतर हक्कात 'खाजगी वन' किंवा 'राखीव वन' असा शेरा आहे का ते आधी बघा. खाजगी वने संपादन कायदा १९७५ चा. त्याखाली ३० ऑगस्ट १९७५ पासून अशा जमिनी सरकारजमा झाल्या. छोट्या खातेदारांना जमीन परत द्यायची तरतूद त्याच कायद्यात आहे, पण शेरा असेल तर त्याचा निकाल लागेपर्यंत एक चिराही लावू नका. कोकणात डोंगराकडच्या कित्येक जमिनींवर हा शेरा आहे आणि मालकाला पत्ताच नसतो.

दुसरं म्हणजे मोजणी करून हद्दीचे दगड घालून घ्या. तिसरं, वाट. वाडीतून तुमच्या जागेत जाणारी वाट नकाशात आहे की नुसती वहिवाटीची? आज कुणी अडवत नाही, पण चिऱ्यांचा ट्रक न्यायची वेळ आली की नातेवाईकसुद्धा अडवतात. झाडं तोडायची असतील तर १९६४ च्या कायद्याखाली परवानगी लागते, स्वतःच्या जमिनीतल्या झाडांनाही. आणि मांगर दुरुस्त करून राहायचं तर शेतघराची रीतसर परवानगी घ्या. ग्रामपंचायतीत घरपट्टी लागली म्हणजे घर कायदेशीर झालं, हा गैरसमज आहे.

रानवाट

शेरा नाही, बघून घेतलंय. नावं माझं आणि बहिणीचं, तिची हरकत नाही. वाट वहिवाटीची आहे. त्याचं बघतो.

पागोळी

मी पाण्यावर बोलतो, कारण बाकी सगळं त्यावर अडतं.

तुमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटर छप्पर धरलं तर तीन लाख लिटर, गळती-उडती वजा जाता अडीच लाख तरी हाती येतात. म्हणजे पडतं भरपूर, प्रश्न ते ठेवायचं कुठे हा. तिघांना माणशी ऐंशी लिटर, जानेवारी ते मे असे दीडशे दिवस: छत्तीस हजार लिटर. फेरोसिमेंटची (जाळीवर सिमेंट लिंपलेली) चाळीस हजार लिटरांची टाकी घराच्या मागच्या उंचवट्यावर बांधली की घरात पंपाशिवाय पाणी. आत उजेड जाता कामा नये, नाहीतर शेवाळं. पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी टाकीत घ्यायचं नाही, वर्षभराची धूळ आणि वानरांची विष्ठा त्यात असते.

पण टाकी बांधायच्या आधी डोंगरात झरा आहे का बघा. लोक झऱ्याची धार बघतात आणि "एवढीशी तर आहे" म्हणतात. मिनिटाला एक लिटर धार म्हणजे दिवसाला १,४४० लिटर! तुम्हाला लागतं त्याच्या सहापट. फक्त मोजायचं मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, बादली आणि घड्याळ घेऊन. डिसेंबरात मोजलेली धार कुणीही दाखवतो. झरा घरापेक्षा दहा मीटर वर असला तर नळाला इतका दाब येतो की गीझरही चालेल. मग टाकी पाच हजारांची पुरे.

रानवाट

झरा आहे! आमच्या वरच्या हद्दीपासून जरा पुढे, आणि घरापेक्षा चांगला पंचवीस मीटर उंच. मे महिन्यातही कधी आटत नाही असं आई सांगते. मग पाण्याचा प्रश्न मिटलाच म्हणायचा.

आबोली

माका एकच सांगा, जून म्हयन्यात सुकी लाकडां खंयसून हाडतलास? सौर बरा, टाकी बरी, पण आगोटीचा, म्हणजे पावसाच्या बेगमीचा, काय?

मी त्याच खोऱ्यातली, सासर मात्र आता डोंबिवलीला. आमची आई मे महिना लागायच्या आत लाकडं फोडून पडवीत आढ्यापर्यंत रचायची. पावसाचे चार-साडेचार महिने, दिवसाला पाच किलो धरा: सहा-सातशे किलो लाकूड, तेही कोरडं. लाकूड फोडून वाळायला उन्हाळा पुरा लागतो, म्हणजे ते आदल्या दिवाळीपासून गोळा करायचं. मीठ, मिरच्या, कांदे, सुकी मासळी, डाळी, सगळी बेगमी जूनच्या आत. तुमचा मांगर छोटा असणार. लाकडांची खोप वेगळी बांधा, घरापासून जरा लांब, कारण लाकडांच्या राशीत उंदीर आणि उंदरांमागे कोण येतं ते वेगळं सांगायला नको.

आणि दुसरं. तुम्ही म्हणता तो झरा म्हणजे वडाच्या वरचा असेल तर त्याचं पाणी खालच्या वाडीच्या टाकीत येतं. आधी पाट होता, मग माडाच्या पन्हळी, आता काळा पाइप. मार्चपासून वाडी त्याच पाण्यावर असते. तुम्ही वरून पाइप जोडलात तर कुणी तोंडावर काही बोलणार नाही, पण पाइप रोज सकाळी निघालेला मिळेल.

पागोळी

आबोलीताई, हे कळलं ते बरं झालं. रानवाट, झऱ्याचा सल्ला मागे घेतो. चाळीस हजारांची टाकीच बांधा. पावसाळ्यात झऱ्याला इतकं पाणी असतं की तेव्हाचं घेतलं तरी वाडीचं काही जात नाही, तेही विचारूनच.

किलोवॅट

विजेचं. आधी गरज लिहून काढा. नऊ वॅटचे पाच दिवे पाच तास, सव्वादोनशे वॉट-तास. कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे दोन, रात्रभर, पाचशे. दोन लॅपटॉप चार तास, साधारण पाचशे. राउटर, मोबाइल, शंभर-दीडशे. छोटा फ्रीज आठशे ते हजार. म्हणजे दिवसाला सव्वादोन युनिटं, मिक्सर वगैरे धरून अडीच. मार्च महिन्यात एक किलोवॅटचं पॅनल रोज चार-साडेचार युनिटं देतं, निवांत चालेल. गोम आहे जुलैत. ढग बसले की तेच पॅनल एक-दीड युनिट देतं, आणि असे दिवस ओळीने येतात. बॅटरी कितीही मोठी घ्या, भरणार कशाने?

शिवाय तुमची जागा रानातली. पॅनलच्या एका कोपऱ्यावर फांदीची सावली पडली तरी उत्पादन सावलीच्या हिशोबाने नाही, त्याच्या कितीतरी पट घटतं. छपरावर लावायचा हट्ट धरू नका. भाताच्या मोकळ्या जागेच्या कडेला खांबांवर लावा. घरापासून अंतर वाढलं तर ४८ व्होल्टची यंत्रणा घ्या, तारेतली घट कमी होते. बॅटरी लिथियम फॉस्फेटची, ४८ व्होल्ट १०० अँपिअर-तास, म्हणजे पाच युनिटं. शिशाची घेतलीत तर अर्ध्याच्या खाली उतरवायची नाही, म्हणजे दुप्पट घ्यावी लागेल.

आता जुलैचा उपाय. तुमच्या जागेत व्हाळ आहे म्हणालात. पावसाळ्यात सूर्य नसतो तेव्हाच व्हाळ भरून वाहतो. कर्नाटकात मलनाडात सुपारीच्या बागांतून लोक एक किलोवॅटच्या आतली छोटी पाणचक्की वर्षानुवर्षं चालवतायत. हिशोब सोपा आहे: सेकंदाला किती लिटर, गुणिले किती मीटर उंची, गुणिले ९.८१, आणि त्याचं निम्मं. चार लिटर आणि अठरा मीटर असेल तर साडेतीनशे वॉट. वाचायला किरकोळ, पण ते चोवीस तास चालतं, दिवसाला आठ युनिटांच्या वर. ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत व्हाळ, पुढे सूर्य. पाणी चक्कीतून परत व्हाळातच जातं, त्यामुळे खालच्यांचं भांडण नाही.

खांबावरचा

महावितरणच्या तारांवर अख्खी नोकरी काढली, आता निवृत्त आहे. रागावू नका, पण वाडीतल्या शेवटच्या खांबावरून मीटर घ्या. सत्तरी ओलांडलेली आई बरोबर आहे. रात्री नेब्युलायझर लावायची वेळ आली आणि इन्व्हर्टरवर लाल दिवा लागला तर काय कराल? झाडं तोडायची नसतील तर जमिनीखालून केबल टाकता येते. महाग पडते, पण येते. सौर ठेवा, वर जोडणीही ठेवा.

किलोवॅट

दादा, जमिनीखालची केबल जांभ्याच्या कातळातून खणायची म्हणजे टाकीच्या खर्चाएवढा खर्च. त्या पैशात बॅटरी दुप्पट होते.

खांबावरचा

बॅटरी दुप्पट झाली तरी जुलैत भरत नाही हे तुम्हीच वर लिहिलंय.

रानवाट

दोघांचंही पटतंय. आईचा मुद्दा माझ्या मनात आलाच नव्हता असं नाही, पण तिला खोऱ्यात जायचंय ते सगळ्यांत जास्त.

बेट्टा

सिरसीहून. इकडे उत्तर कन्नड जिल्ह्यात सुपारीच्या बागेला जोडून 'सोप्पिनबेट्टा' असतो, म्हणजे बागेला पालापाचोळा आणि हिरवा पाला पुरवण्यासाठी राखलेलं रान. एकराला नऊ एकरांपर्यंत असं रान वापरायचा हक्क ब्रिटिश काळापासून आहे. जुन्या लोकांनी एका एकराच्या बागेला किती रान धरलं होतं ते यावरून बघा. तुम्ही वरचं रान 'पडीक' समजून तिथे काजू किंवा अकेशिया लावायच्या भानगडीत पडू नका. ऐन-किंजळीचा पाला हे तुमचं खत आहे. फांद्या आळीपाळीने छाटायच्या, एका झाडाला पुन्हा हात तीन वर्षांनी. तीच छाटण वाळली की आबोलीताईंचं जळण.

काजूवाला

अन्नाचा हिशोब कुणी केला नाही म्हणून करतो. वीस गुंठे भात. गुंठ्याला तीस किलो धरा, फार हावरेपणा नको. सहाशे किलो भात, कांडून चारशेच्या आसपास तांदूळ. तिघांना वर्षभर पुरून पाहुण्यांना उरेल. बांधावर तूर आणि चवळी, भात कापल्यावर त्याच ओलीवर कुळीथ. नाचणी-वरी वरकस उतारावर, पण रानडुकरं राखण मागतात. सुरण, कणगर, करांदे झाडांच्या सावलीत होतात, त्यांना रान तोडावं लागत नाही. पावसात टाकळा, भारंगी, कुर्डू, शेवळं फुकट. खोबरेल आणि कोकम घरचं. विकत काय राहिलं? मीठ, साखर, चहा, कांदा-बटाटा, गोडं तेल. एवढं बाजारातून आणलं म्हणून कुणी तुम्हाला परावलंबी म्हणणार नाही.

गाडं अडतं लावणीपाशी. वीस गुंठे लावणी दोघांनी करायची म्हटली तर तरवा (भाताची रोपं) म्हातारा होईल. आठ-दहा माणसं लागतात आणि ती एकाच आठवड्यात सगळ्यांना लागतात. वाडीत पैरा चालत असेल तर त्यात शिरा. आधी दुसऱ्यांच्या शेतात उतरा, मग ते तुमच्यात येतील. पैसे देऊन माणूस मिळत नाही हल्ली, तरणी मंडळी मुंबई-गोव्याला.

भाजीपाला मात्र विसरा, निदान जाळीशिवाय. केल्डे (लाल तोंडाची माकडं) आणि वानर मिळून कच्चे फणससुद्धा सोडत नाहीत. वानर कौलांवर नाचतात, म्हणून कौलाखाली पत्रा घाला. गवे कुंपण मानत नाहीत. सौर कुंपण चालतं, पण त्याखालचं गवत पावसाळ्यात दर आठवड्याला कापावं लागतं, नाहीतर झटका जमिनीत जातो. आणि सौर कुंपण म्हणजे ठोक्याठोक्याने झटका देणारं यंत्र. घरातली वीज तारेत सोडणं हा गुन्हा आहे, माणसं मेली आहेत त्यात.

हत्तींचंही माहीत असावं. २००२ च्या सुमारास ते कर्नाटकातून दोडामार्गात उतरले, पुढे माणगाव खोऱ्यापर्यंत आले. २०१५ मध्ये वनखात्याने तुमच्याच खोऱ्यात तीन हत्ती पकडले. दोडामार्गात अजून आहेत.

मातीचा_माठ

एवढं सगळं वाचून वाटतं की लोकांना पळवून लावायलाच हा धागा आहे. निसर्गात राहायचं तर निसर्ग शिकवतोच. आमच्या ओळखीत एक जोडपं शहर सोडून गेलं, दोन गाई आणि एक चूल, अतिशय आनंदात आहेत.

आबोली

किती पावसाळे काढले त्यांनी?

मातीचा_माठ

ऑक्टोबरात गेलेत.

गोपुरीकर

गाईंवरून आठवलं. दोन घनमीटरच्या गोबरगॅसला रोज पन्नास किलो शेण लागतं. गावठी गाय बारीक असते, बांधून ठेवली तरी आठ-दहा किलो देते, चरायला सोडली की निम्मं रानात. म्हणजे दोन गाईंवर दोन घनमीटरचा प्लांट चालत नाही. तुम्ही तिघं आहात. एक घनमीटरचा घ्या, त्याला पंचवीस किलो शेण, आणि संडास त्यालाच जोडा. झारापच्या भगीरथ प्रतिष्ठानाचं जिल्ह्यात गोबरगॅसचं मोठं काम आहे, बांधणारे गवंडी तिथून मिळतील. गाई नकोच असतील तर पुण्याच्या 'आरती' (ARTI) संस्थेचा खरकट्यावर चालणारा छोटा बायोगॅस आहे, पण तिघांच्या घरात खरकटं उरतं किती?

संडास जोडायचा नसेल तर दोन खड्ड्यांचा करा. एक भरला की बंद, वर्षभराने त्यातून खत. कणकवलीजवळ गोपुरी आश्रमात गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धनांनी हे काम स्वातंत्र्याच्या सुमारालाच करून दाखवलंय. एक अट: खड्डा विहिरीपासून आणि व्हाळापासून लांब. जांभ्यातून पाणी फार लवकर झिरपतं.

तालुक्याचा_डॉक्टर

आजींसाठी आणि तुमच्यासाठीही. फुरसं कोकणातल्या कातळावर सर्रास आहे. भारतात मिळणारी प्रतिसर्पविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर चालते, झाडावरच्या हिरव्या चापड्यावर नाही. चावल्यावर कापाकापी नाही, आवळून दोरी नाही, हालचाल कमी आणि थेट रुग्णालय. तुमच्या नजीकच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लस असते का आणि रात्री कोण असतं हे राहायला जायच्या आधी स्वतः जाऊन विचारा. लाल विंचवावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपचार रुजवला, तो आता सगळीकडे होतो, पण तिथेही वेळेत पोचावं लागतं. रात्री वाडीपर्यंत गाडी येते का? मला विजेपेक्षा हे जास्त महत्त्वाचं वाटतं.

२०१६-१७ मध्ये दोडामार्ग-बांदा पट्ट्यात माकडतापाची साथ आली होती. तो गोचिडीतून येतो. रानात मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, आरोग्य खात्याला कळवा. जानेवारी ते मे पाला गोळा करायला जाताना पूर्ण अंग झाकून, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ. चिखलात भाताचं काम करताना लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) लक्षात ठेवा, पायाला जखम असेल तर उतरू नका.

रानवाट

सगळ्यांचे आभार. दहा-बारा दिवस घरात हाच विषय चालू होता. ठरलं ते असं.

वाडीच्या शेवटच्या खांबापाशी चुलतभावाचं रिकामं घर आहे. त्याची एक खोली आम्ही वापरणार. तिथे मीटर, फ्रीज आणि इंटरनेट. पावसाळ्यात आई तिथेच झोपेल, तिलाही ते चाललंय, कारण शेजारी तिच्या वयाच्या दोघी आहेत. मांगरात सौर लहान: चारशे वॅट, दिवे, पंखे, लॅपटॉप. फ्रीज मांगरात नको म्हटल्यावर बॅटरी निम्म्यावर आली. खांबावरचे दादा आणि किलोवॅट, दोघांनाही अर्धं अर्धं दिलंय.

टाकी चाळीस हजारांची, यंदाच्या मेमध्ये. गाई पहिल्या वर्षी नाहीत. भात पहिल्या वर्षी पाचच गुंठे, आणि त्याआधी दोन घरांच्या लावणीला जायचं बोलून आलोय. झऱ्याचं वाडीतल्या काकांशी बोललो. ते म्हणाले, जून ते डिसेंबर खुशाल घ्या, पण होळीच्या आधी पाट साफ करायला घरटी एक माणूस लागतो, तो तुमच्या घरातून यायला हवा. मी हो म्हटलंय.

एक राहिलं. मार्चमध्ये वरच्या रानाला वणवा लागतो, गेल्या वर्षी काजू होरपळले. काय करतात?

काजूवाला

हद्दीच्या आतून दहा-बारा फुटांचा पट्टा जानेवारीतच साफ करायचा, गवत कापून पाला आत ओढून. वनखातं जाळरेषा काढतं तीच पद्धत. पट्टा जाळून साफ करायचा मोह होतो. केलाच तर पहाटे दव असताना, चार माणसं हिरव्या फांद्या घेऊन उभी असतील तरच. वणवे बहुतेक वेळा शेजारच्या भाजावळीतून (शेतात पाला-गवत जाळतात त्यातून) किंवा कुणी काजूखालचं गवत पेटवल्यावर येतात. शेजाऱ्याला विचारून ठेवा की तो कुठल्या दिवशी पेटवणार आहे, आणि त्या दिवशी तिथे जाऊन उभे राहा.

रानवाट

किलोवॅट, पाणचक्की दुसऱ्या वर्षी करायची म्हणतोय. व्हाळाला अठरा नाही, चौदा मीटर उतार मिळतोय, लांबी नव्वद मीटर. पाइप किती इंची?

किलोवॅट

चार लिटरला तीन इंची चालेल, चार इंची बरा, घर्षणात उंची कमी जाते. चौदा मीटरला पावणेतीनशे वॅट धरा. पाइप विकत घ्यायच्या आधी या जुलै आणि सप्टेंबरात पाणी मोजा. व्हाळात बांध घालून सगळं पाणी एका डब्यात वळवलं की भरायला लागलेल्या वेळावरून काढता येतं. तोंडाशी जाळी तिरकी बसवा, उभी नको. ऐनाची पानं उभ्या जाळीला चिकटतात आणि रात्री दोनला तुम्ही छत्री घेऊन व्हाळात. मोजलेले आकडे इथेच टाका, टर्बाइन कुठलं घ्यायचं ते मग बघू.